तीन पायऱ्यांसाठी तीन सह्या

आमच्या कुंभकोणमला कोणाला कामाला बोलवायचं असलं तर नुसतं तोंडाने विचारत नाहीत, ताट घेऊन येतात. ताटात विड्याची पानं, सुपारी, दोन केळी, हळकुंड आणि काही कागद असलाच तर तो पानांखाली. ताट तुमच्यापुढे धरतात. तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलंत की काम तुमचं. आणि न घ्यायचं तरी कसं? दारात आलेलं पान कोणी परत पाठवतं का? त्यातून आमच्याकडची पानं इतकी कोवळी की हात आपोआप पुढे होतो. काम काय आहे ते ऐकायच्या आधीच मी ताट घेऊन मोकळी झालेय, एकदा नाही, चांगली तीनदा. त्यातल्या एका ताटापायी मी रांगोळी स्पर्धेची परीक्षक झाले. मला साधं कमळ काढता येत नाही.

पोटापाण्यासाठी मी घरी बसून चेन्नईच्या एका कंपनीचे नकाशे तपासते. खांब, तुळया, जिने, सगळं. सकाळी नकाशा आला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेरे मारून परत. तिथे माझं मोठं नाव आहे, वेळेची पक्की म्हणून. आणि आमच्याच गल्लीत, आमच्या घरासमोर असलेल्या विठोबाच्या मठात तीन पायऱ्यांच्या बाजूने एक एवढासा रॅम्प करायचा होता, तर त्याचा नकाशा तपासायला आम्हाला अकरा महिने लागले. आम्हाला म्हणजे मला आणि आणखी दोघांना. सांगायला लाज वाटते, पण हसूही येतं. हसू जरा जास्त येतं, म्हणून सांगते.

रॅम्प हवा होता माझ्या आत्यासाठी. ती माझ्याकडेच राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने मूठभर आणि आवाजाने गल्लीभर. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी शिकायला आठ वर्षं पुण्यात होते म्हणून माझी भाषा अशी झाली. आत्याचं बोलणं फोनवर ऐकून पुण्याच्या मैत्रिणी विचारायच्या, "अगं, तुझ्या घरी बखर कोण वाचतंय?" इथे मी तिचं बोलणं जरा सोपं करून लिहितेय, नाहीतर तळटीपा द्याव्या लागतील.

तर ही आत्या मठात चाळीस वर्षं बायकांच्या भजनाला पुढे बसून सांगायची. दर थंडीत आमच्याकडे राधाकल्याणम् होतं. राधा आणि कृष्ण यांचं लग्न, तीन दिवस भजन, जेवणावळी, सगळं लग्नघरासारखं. त्यात दुसऱ्या सकाळी आत्याने आधी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून, हे ठरलेलं. मग ती बसथांब्यावर पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या वर्षीचं राधाकल्याणम् तिने अंथरुणात काढलं. पुढे ती वॉकर धरून घरात, ओट्यावर, गल्लीतही चालायला लागली. पण मठाच्या तीन पायऱ्या तिला चढवेनात. चौघे जण खुर्चीसकट उचलून नेतो म्हणाले. आत्या म्हणाली, "उचलून न्यावे ते देवास. मी माझ्या पायांनी येईन, नाहीतर येणार नाही."

मग रॅम्प करायचं ठरलं. आत्याने मला जवळ बोलावून सांगून टाकलं, "येत्या वर्षी एकदा आत बसून गाईन. पुढचं पुढे." या वयात पुढचं पुढे म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मेस्त्रीने दोन दिवसांत कागदावर रॅम्प काढून दिला. इतकं सोपं होतं. पण मध्ये आली तांत्रिक समिती.

ही समिती का झाली, तेही ऐका. काही वर्षांपूर्वी मठातल्या उत्साही मंडळींनी स्वयंपाकाच्या जागेवर पत्र्याचा मांडव घातला. खांब किती खोल पुरलेत, कोणी विचारलं नाही. भर दुपारी तो मांडव हळूहळू, अगदी नम्रपणे वाकला आणि पायसाच्या हंड्यांवर बसला. देवाची कृपा, कोणाला लागलं नाही. पण त्या दिवशी तीनशे माणसं पायसाशिवाय उठली, आणि ही गोष्ट आमच्याकडे माफ होत नाही. तेव्हापासून नियम झाला की मठात एक वीटसुद्धा लावायची तर आधी नकाशा काढायचा आणि तो तीन जाणकारांनी तपासून सही करायची. जाणकार अर्थात फुकट काम करणारे. तिघांकडे ताटं गेली. तिघांनी घेतली.

पहिले पूलवाले मामा. सरकारी खात्यातून निवृत्त, जन्मभर कावेरीच्या कालव्यांवर पूल बांधलेले, वय एकोणऐंशी. गावात कोणीही ताट घेऊन निघालं की पहिलं त्यांच्याकडे जातं, कारण त्यांनी आजवर एकही परत पाठवलेलं नाही. तळी साफ करणारं मंडळ, दोन देवळांच्या दुरुस्तीच्या समित्या, रक्तदान, स्वतःच्या इमारतीची लिफ्ट, आणि सकाळी चालायला जाणाऱ्यांचा एक संघ, ज्यात चालणं कधीच बंद पडलंय आणि आता फक्त सभा होतात. दुसऱ्या प्रोफेसर मामी. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डायरीत तीन रंगांची शाई असते. निळी म्हणजे कबूल केलेलं, हिरवी म्हणजे सुरू झालेलं, लाल म्हणजे राहिलेलं. ती डायरी मी पाहिलीय. कुंकवाची डबी सांडल्यासारखी दिसते. दोघं एकमेकांचे कोणी नव्हेत, इथे वडीलधाऱ्यांना मामा-मामीच म्हणतात. दोघंही तमिळ, दोघांशी मी तमिळमध्ये बोलते, आणि दोघांवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते. तिसरी मी.

नियम असा की फाइल वयाच्या मानाने फिरेल. आधी मामा, मग मामी, मग मी. आणि कोणी एक जरी शंका लिहिली तरी मेस्त्रीने नकाशा सुधारायचा आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून निघायची. हा नियम मामींनी सुचवला तेव्हा आम्हाला तो फारच शास्त्रशुद्ध वाटला होता. आम्ही माना डोलावल्या होत्या!

पहिल्या फेरीत मामांनी फाइल दोन महिने ठेवली. ती तळ्यांच्या फाइलखाली गेली होती. मग त्यांनी एक शब्द लिहिला: "वजन?" पुढे मामींनी लिहिलं की पायऱ्या दीड फूट उंच आहेत, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे अठरा फूट हवेत, मेस्त्रीने आठच दाखवलेत, ही घसरगुंडी आहे. बरोबरच होतं ते. मेस्त्रीने बिचाऱ्याने रॅम्प मध्ये वळवला आणि अठरा फूट बसवून दाखवले. फाइल पुन्हा मामांकडे. दुसऱ्या फेरीत मामांनी विचारलं, वळणावर थांबायला सपाट जागा किती? मामींनी विचारलं, कठडा किती उंच? माझ्याकडे फाइल आली तेव्हा मीही काही कमी शहाणी नव्हते. मी लिहिलं, "पावसाचं पाणी कुठे जाणार?" लिहिलं आणि फाइल स्कूटरच्या डिकीत टाकली, मामांकडे जाता जाता देईन म्हणून. ती रेनकोटखाली सात आठवडे राहिली. सात! आणि त्या सात आठवड्यांत मी जिथे जाईन तिथे सांगत होते, "अहो, मामांकडे अडकलंय. मोठ्या माणसांना काय बोलणार?"

विचारायला जावं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "इन्नुम् रेण्डे नाळ्." अजून दोनच दिवस. मामा म्हणायचे, मामी म्हणायच्या, मीही मेस्त्रीला तेच म्हणायची. त्या दोन दिवसांत पावसाळा येऊन गेला.

आणि आत्या रोज संध्याकाळी ओट्यावर बसून समोरच्या मठातलं भजन ऐकायची. बारीक आवाजात मागून म्हणायची. आतल्या कोणी कडवं गाळलं की इथून ओरडायची, "अगो, तिसरे राहिले! तिसरे!" आत मुकाट तिसरं कडवं सुरू व्हायचं. येणारे-जाणारे हसायचे. मीही हसायची. आत्या मात्र हसायची नाही.

राधाकल्याणमला तीन आठवडे उरले तेव्हा मठाचे चिटणीस आमच्या घरी आले. हातात ताट. मला वाटलं, आत्याला बोलवायला आले. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, यंदा पाहुण्यांच्या गाड्या लावायची व्यवस्था तुम्हीच बघा, तुमच्याइतकं चोख कोण करणार! झालं. माझे हात पुढे. मी ताट घेतलं, हसले, "त्यात काय" असंही म्हणाले. चिटणीस गेले. वळून बघते तर आत्या माझ्याकडे बघत होती.

"त्यांस परत बोलाव," ती म्हणाली, "आणि सांग, यंदा माझी जागा दुसऱ्या कोणास द्या. नीट तयारी करायला हवी ना तिने. मी ओट्यावरून ऐकेन."

चिडली असती तर मी उलटून काही बोलले असते. भांडायला मला आवडतं आणि तिला तर फारच आवडतं. पण ती शांत होती. तिने हिशेब करून टाकला होता. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, आणि बघते तर पानांच्या चार जुड्या आधीच तिथे होत्या, एक पार पिवळी पडलेली. मी तिथेच ओट्याला टेकून मोजायला लागले. नेत्रशिबिराची नोंदणी. वाचनालय. विणकरांच्या सोसायटीची इंग्रजी पत्रं. शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा. रांगोळी. आता गाड्या. आणि या सगळ्यात घरातल्या बाईच्या तीन पायऱ्या राहिल्या. स्वतःची अशी काही चीड आली मला की काय सांगू.

तेव्हा ते डोक्यात आलं. पान घेऊन होकार देता येतो, तर पान देऊन नकार का देता येऊ नये? घेतलेलं ताट परत न्यायचं! पद्धतीने, नवीन पानं घालून, केळी घालून, नम्रपणे. असं आजवर कोणी केलं नव्हतं, पण करू नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की सकाळी इडली आणि तिच्यासोबतचा मूगडाळ-बटाट्याचा रस्सा, आमचा कडप्पा, निम्मा टाकून उठले, बाजारातून सहा जणांपुरती पानं आणली, ताट पिशवीत घातलं आणि स्कूटर काढली.

पहिलं गाव तिरुनागेश्वरम्. नेत्रशिबिर चालवणाऱ्या बाई दारात आल्या, ताट बघून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! कोणाचं लग्न?"

"लग्न नाही हो. हे तुमचं ताट मी परत द्यायला आलेय."

बाईंचा हात तोंडावर गेला. "अय्यो! मोडलं?"

आता इथे मला एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. आमच्याकडे साखरपुड्याला दोन्ही घरं पानाची ताटं बदलतात. ते झालं की लग्न ठरलं. आणि ताट परत जातं ते एकाच वेळी, ठरलेलं लग्न मोडल्यावर. गावात दुसऱ्या कुठल्या कारणासाठी ताट परत गेलेलंच नाही! मी समजवायला गेले की शिबिराच्या कामाचं म्हणतेय, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "मुलीला सांग, याच्याहून चांगला मिळेल." बराच वेळ त्या हात सोडेनात. मी नोंदणीची वही त्यांच्या मांडीवर ठेवली, शिबिर दुसऱ्या कोणावर तरी सोपवा म्हणून तीनदा सांगितलं आणि पळाले.

तिथून दारासुरम्, विणकरांच्या सोसायटीत. मी स्कूटर लावतेय तोच आतून एक जण बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कळलं आम्हाला. काही बोलू नका. बसा, कॉफी घ्या." फोन माझ्या आधी पोचला होता! माझ्या मुलीचं लग्न मोडलं, मुलगा परदेशात होता, दागिन्यांवरून बिनसलं, इतपत गोष्ट तयार होती. मी म्हटलं, "अहो, मला मुलगीच नाही!" त्यावर त्यांनी अशी काही मान हलवली, जणू मी दुःखाने मुलीचं नावच टाकलंय. मला इतकं हसू फुटलं की कॉफी नाकात गेली. त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी पत्रांचं काम तिथल्या तिथे काढून घेतलं. "या दिवसांत कसली पत्रं, तुम्ही घर सांभाळा." मला वाद घालावा लागलाच नाही.

दुपारपर्यंत मी पाच ताटं परत केली, समोरच्या मठातलं गाड्यांचं तेवढं उरलं. पाच! अंगावरून पोती उतरल्यासारखं वाटत होतं, मी स्कूटरवर मोठ्याने गात होते. आणि घरी येऊन बघते तर ओट्यावर गर्दी. शेजारच्या दोघी, मठातल्या तिघी, कोणीतरी केळीचा फणा आणलेला. सगळ्या आत्याचं सांत्वन करत होत्या. मला वाटलं, आत्याने एव्हाना सगळ्यांना हाकलून लावलं असेल. कसलं काय! बाई मधोमध बसून, पदराने डोळ्याची कड टिपत सांगत होती, "मुलगा उंच होता, हो. पण जेवताना बोलायचा फार. मला तेव्हाच शंका आली." शेजारीण म्हणाली, "आणि सासू?" आत्या म्हणाली, "सासूचे तर विचारूच नका." मला बघून तिने डोळा मारला. मी आत पळाले आणि उशीत तोंड खुपसून हसून हसून मेले. कित्येक महिन्यांनी आत्या इतकी मजेत दिसत होती.

त्या गर्दीत प्रोफेसर मामीही आल्या होत्या, धीर द्यायला. त्यांना मी आत नेलं आणि खरं ते सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम म्हणाल्या, "आणि त्यांनी घेतली परत?"

"सगळ्यांनी."

"कोणी रागावलं नाही?"

"उलट कॉफी मिळाली."

मामी तडक घरी गेल्या आणि डायरी घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यामागे स्कूटरवर बसून, मांडीवर ताट घट्ट धरून, बहात्तर वर्षांच्या त्या बाई सहा ठिकाणी फिरल्या. पहिल्या ठिकाणी सगळं मीच बोलले. तिसऱ्या ठिकाणी, नाचियार्कोविलला, पितळी दिवे ओतणाऱ्या कारागिरांच्या संघात त्या स्वतःच म्हणाल्या, "कोणाचंही मोडलेलं नाही. मला वेळ नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. माफ करा." परत येताना दोन्ही बाजूंना भातशेती आणि मागे बसलेल्या मामी डायरीतल्या लाल ओळींवर काट मारतायत, आणि दर काटेला माझ्या पाठीवर एक थाप. स्कूटर कशी सरळ ठेवली माझं मला माहीत.

मामांकडे आम्ही दोघी मिळून गेलो. मामांनी ऐकून घेतलं आणि केविलवाणा चेहरा करून म्हणाले, "मला नाही जमणार, अम्मा. मी तिथे गेलो की आणखी दोन घेऊन येईन." खरंच होतं. मग त्यांची ताटं आम्हीच पोचवली. पण माणूस किती चांगला! आम्ही तळ्यांच्या मंडळातून परत येईपर्यंत मामांनी त्या मंडळालाच माफी मागायला फोन केला होता आणि माफी मागता मागता पुढच्या रविवारी येतो म्हणत होते. मामींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "येत नाहीत." आणि ठेवून दिला. मामांनी दोन्ही हात जोडले, मामींना की देवाला ते कळलं नाही.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता आम्ही तिघं मठाच्या त्याच तीन पायऱ्यांवर फाइल घेऊन बसलो. तिघं एकत्र, पहिल्यांदाच. अकरा महिन्यांत हे कोणाला सुचलं नव्हतं, कारण कागद फिरवायचा हे ठरलेलं होतं ना! मेस्त्री टेप घेऊन उभा. आणि गंमत बघा, मी पाण्याबद्दल विचारलं होतं त्याचं उत्तर मामींच्या दुसऱ्या फेरीतल्या शेऱ्यातच होतं. कडेने पन्हळ काढा, असं त्यांनी हिरव्या शाईने लिहिलं होतं. मामांच्या 'वजन?'चं उत्तर मेस्त्रीने सुधारलेल्या नकाशात कधीच दिलं होतं. कोणी कोणाचं वाचलंच नव्हतं. प्रत्येकाने आपली शंका लिहायची आणि धावत पुढच्या सभेला जायचं. उरला एकच खरा प्रश्न, वळणावरची सपाट जागा. ती मामांनी पाच फूट हवीच म्हणून धरली. वॉकर घेऊन वळायचं आणि दम लागला तर उभं राहायचं, त्याला पाच फूट लागतात, म्हणाले. मेस्त्रीने मोजलं, बसत होतं. चाळीस मिनिटांत तीन सह्या झाल्या. मामी घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "फक्त चाळीस?" समोर ओट्यावर आत्या बसली होती आणि सगळं बघत होती.

मेस्त्रीने नऊ दिवसांत काम केलं. नवीन सिमेंटवर पाणी मारायला मी रोज सकाळी स्वतः जात होते.

राधाकल्याणमच्या दुसऱ्या सकाळी आत्या दारासुरमच्या मोरपंखी रेशमी साडीत निघाली. गल्ली ओलांडली. रॅम्पच्या तोंडाशी थांबली. आम्ही तिघं तिथे उभे. मामा खालच्या भरावाकडे बघत होते, मामी उताराकडे, मी पन्हळीकडे. "माझ्या पायांकडे काय बघता? हटा," आत्या म्हणाली आणि वॉकर पुढे टाकला. हळू चढली. वळणावर दम लागला, थांबली, कठडा धरून उभी राहिली. मामींनी माझा दंड दाबला, "पाच फूट!" मामांनी डोळे पुसले. मग आत्या वळली आणि बाकीचा चढ चढून आपल्या पायांनी आत गेली.

तिची जागा ठेवलेली होती. ती खुर्चीत बसली. पेटीवाल्याने तिचा नेहमीचा सूर दिला. आत्याने हात खाली केला. त्याने उतरवला. तिने पुन्हा हात खाली केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि माझं हसू पार मावळलं. वर्षभर ओट्यावर बसून बारीक आवाजात म्हणता म्हणता तिचा आवाज उतरला होता. दोन दिवस, अजून दोन दिवस म्हणत आम्ही तिचा वरचा सूर घालवला होता. तो आता परत यायचा नव्हता.

तिने खालच्या सुरात सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, सगळ्या जणी मागून म्हणाल्या. आणि दुसरं कडवं तिला आठवेना. चाळीस वर्षं जे ती झोपेतही म्हणू शकली असती, ते येईना. समोरच्या प्रत्येकीला ते पाठ होतं. एकीने ओठ उघडलेसुद्धा. आत्याने तळहात वर केला.

"थांबा. मला येते ते. मीच म्हणेन."

सगळे थांबले. टाळ थांबले, पेटी नुसता सूर धरून राहिली. भटजींनी मुहूर्ताची वेळ बघायला घड्याळाचा हात वर केला होता, तो तसाच खाली नेला. मामांच्या खिशात फोन थरथरला; त्यांनी खिशात हात घालून न बघताच तो बंद केला. मामींनी माझा हात धरला होता आणि मी रडत होते, सरळ, सगळ्यांसमोर. कोणी ओळ सुचवली नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अकरा महिने आम्ही या बाईला बसवून ठेवलं होतं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच आमच्यापैकी कोणालाही दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

मग आत्याने मान वर केली, घसा साफ केला, आणि दुसरं कडवं पहिल्या शब्दापासून म्हटलं. आम्ही सगळ्यांनी तिच्या मागून म्हटलं, तिच्याच खालच्या सुरात.